दिल्लीची भाजीबाग: आधी महिना, मग वाण

दिल्लीत मुळा बाराही महिने पिकतो, फक्त दर हंगामाला वाण बदलावा लागतो. मार्चच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरायचा तो पूसा चेतकी. तो 40 ते 45 दिवसांत काढणीला येतो आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, वाहत असतानाही पोसतो. पुढे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूसा देशी. थंडीची चाहूल लागली की पूसा रेशमी किंवा जपानी व्हाइट. आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, रजईतून बाहेर पडवत नाही अशा दिवसांत, पूसा हिमानी. यातला हिमानी कोणी हौसेने मे महिन्यात लावला, तर पाला भरपूर येतो आणि खाली तिखटजाळ, दशांनी भरलेले मूळ निघते. बी चांगले असते, माती चांगली असते, पाणीही वेळेवर दिलेले असते. महिना चुकलेला असतो.

म्हणून घरच्या बागेसाठी सर्वांत चांगला वाण कोणता, असे विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारते, की पेरणार कधी? दिल्लीत या प्रश्नाला जेवढे महत्त्व आहे तेवढे पुण्यात किंवा कोल्हापुरात नाही. तिथे थंडी सौम्य, उन्हाळा सोसण्याजोगा. आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाले तरी भाजी सांभाळून घेते. इथे जानेवारीच्या पहाटे पारा 4-5 अंशांवर उतरतो आणि मे-जूनमध्ये 45 अंशांना टेकतो. पाऊस जूनच्या अखेरीस येतो आणि सप्टेंबर संपता संपता निघून जातो. गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. गच्चीवर तर सिमेंट तापते, कुंडी चहूबाजूंनी तापते, आणि मुळांना जमिनीत मिळतो तो गारवा मिळत नाही. गावाकडून येताना पिशवीत बी घेऊन येणारी आपली मराठी माणसे इथे पहिल्या वर्षी हिरमुसतात, ती यामुळेच.

दिल्लीकरांचे भाग्य असे, की या हवेसाठीच वाण तयार करणारी देशातली मोठी संस्था शहराच्या मधोमध आहे. करोल बागेतल्या आणि पहाडगंजातल्या जुन्या मराठी घरांपासून ती फार लांब नाही. 1905 साली बिहारमधल्या पूसा गावी, हेन्री फिप्स या अमेरिकन दानशूराच्या देणगीतून ही कृषी संशोधन संस्था उभी राहिली. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपात तिची इमारत कोसळली आणि 1936 मध्ये संस्था दिल्लीला आली. येताना गावाचे नाव सोबत आले. आज भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या वाणांच्या नावाआधी ‘पूसा’ लागते ते तिथून. ज्वाला मिरची महाराष्ट्रातल्या बाजारात घरोघरची झाली आहे, तीही मूळची पूसा ज्वाला. हे वाण दिल्लीच्याच मातीत आणि दिल्लीच्याच थंडी-उन्हात निवडले गेले, म्हणून इथल्या कुंडीत ते परके वाटत नाहीत. शिवाय त्यांतले बरेचसे सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. नीट जपले तर त्यांचे बी घरी धरता येते.

महिना आणि वाण यांचे नाते सर्वांत कडक दिसते ते फ्लॉवरमध्ये. फ्लॉवरचा गड्डा ठरावीक तापमानालाच धरतो, आणि कोणत्या तापमानाला धरायचा हे त्या वाणाच्या स्वभावातच असते. पूसा मेघना, पूसा कार्तिक संकर हे लवकरचे वाण 20 ते 27 अंशांत गड्डा धरतात. त्यांची रोपे मे-जूनमध्येच टाकावी लागतात. पूसा शरदला त्याहून जास्त थंडी लागते, पूसा पौषजाला आणखी. नावातच महिना आहे. पूसा स्नोबॉल के-1 हा उशिराचा, 10 ते 16 अंशांचा. त्याची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकायची आणि गड्डे जानेवारीपासून काढायचे. क्रम उलटला तर दोन गोष्टी घडतात. लवकरचा वाण उशिरा लावला, की रोप पुरते वाढायच्या आतच सुपारीएवढा गड्डा धरून बसते. उशिराचा वाण लवकर लावला, की नुसती पाने वाढत राहतात. रोपवाटिकेत ‘गोभी’ एवढेच सांगून मिळणारी रोपे घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगते. वाणाचे नाव सांगता येत नसेल तर त्या रोपाला चार महिने कुंडी द्यायची कशाला? स्नोबॉलचे बी मात्र घरी धरण्याच्या फंदात पडू नये. त्याला फुलावर येण्यासाठी डोंगराळ थंडी लागते. संस्थेचे कुलू खोऱ्यातले कटराईं येथील केंद्र त्यासाठीच आहे.

भेंडीची गोष्ट वेगळी. इथे हंगामापेक्षा रोग मोठा आहे, आणि या गोष्टीत परभणीचा वाटा आहे.

पावसाळ्यात भेंडीच्या पानाकडे जवळून पाहावे. आधी शिरा पिवळ्या पडतात. मधला भाग हिरवाच असतो, त्यामुळे पानावर पिवळी जाळी काढल्यासारखी दिसते. पुढे पान सगळेच पिवळे होते, भेंडी फिकट, आखूड आणि चिवट निघते. हा हळद्या. विषाणू पांढरी माशी पसरवते. त्यावर औषध नाही, उपाय वाणातच शोधावा लागतो. पूसा संस्थेतल्या डॉ. हरभजन सिंग यांनी 1960 च्या सुमारास दिलेली पूसा सावनी ही भेंडी या रोगाला दाद देत नसे. ती देशभर गेली आणि पुष्कळ वर्षे टिकली. पण विषाणू बदलला आणि सावनी त्याला बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी याच सावनीचा रानभेंडीशी, मॅनिहॉट या जातीशी, संकर केला. पुन्हा पुन्हा सावनीकडे वळवत त्यातून ऐंशीच्या दशकात परभणी क्रांती तयार झाली. दिल्लीची भेंडी मराठवाड्यात जाऊन सुधारली, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. बंगळुरूच्या संस्थेची अर्का अनामिकाही रानटी नातलगाशी केलेल्या संकरातूनच आली. आज दिल्लीत पावसाळ्यासाठी भेंडी लावायची तर पूसा भेंडी-5 घ्यावी. फेब्रुवारीअखेर-मार्चच्या पेरणीला पांढऱ्या माशीचा जोर कमी असतो, तेव्हा परभणी क्रांती किंवा पूसा ए-4 चालते. पूसा सावनीची पाकिटे अजून दुकानांत दिसतात. तिचे नाव मोठे आहे, पण जुलैच्या पेरणीला ती घेऊ नये.

टोमॅटोतही हाच शत्रू. पांढरी माशी पाने आकसवणारा विषाणू आणते आणि ऑगस्टमध्ये लावलेली रोपे फूल धरायच्या आधी खुरटतात. एरवी मी सरळ वाणच सुचवते, पण यासाठी तो नियम मोडून संकरित वाण सांगते: अर्का रक्षक. पाने आकसणे, मर आणि करपा या तिन्हींना तो तोंड देतो. जानेवारीअखेर, थंडी ओसरताना लावायच्या टोमॅटोला मात्र पूसा शीतल चांगला. रात्रीचे तापमान 8 अंशांवर असतानाही तो फळ धरतो. त्यामुळे फळे मार्च-एप्रिलमध्ये हाती येतात आणि लू सुरू होण्याआधी झाड आपले काम उरकते. एप्रिलनंतर टोमॅटो टिकवण्यासाठी हिरवी जाळी, पाण्याचे फवारे असा खटाटोप लोक करतात. मला तो वाया वाटतो. त्या जागी गवार लावावी. पूसा नवबहार ही गवार फांद्या न फोडता सरळ उंच वाढते, कुंडीत अडचण करत नाही, आणि उन्हाला तर ती भीतच नाही.

उंच इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. बाराव्या मजल्यावर मधमाशी सहज येत नाही. काकडी, दुधी, कारले, दोडका यांना नर आणि मादी फुले वेगवेगळी लागतात. परागकण कोणी नेलेच नाहीत तर बोटाएवढे फळ पिवळे पडून गळते. पूसा सीडलेस काकडी-6 परागीभवनाशिवाय फळते, म्हणून बाल्कनीसाठी ती पहिली पसंती. दुधी लावायचा तर पूसा नवीन घ्यावा. त्याची फळे सरळ, लांबट, चौघांच्या घराला एका वेळी पुरतील अशी असतात. पण हाताने परागीभवन करायची तयारी हवी. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. ज्याच्या देठापाशी इवलासा दुधी असतो ते मादी फूल. नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. ऑफिसातून परतल्यावर पाच मिनिटांचे काम.

आता आपल्या स्वयंपाकघराबद्दल. भरल्या वांग्यांसाठी मांजरी गोटा दिल्लीत लावता येतो, पण त्याची रोपे जून-जुलैत लावावीत. डिसेंबर-जानेवारीत वांगे जागच्या जागी थांबते. इथल्या हवेतलाच वाण हवा असेल तर पूसा अंकुर लहान आणि गोलसर आहे, भरायला बरा. अळूसाठी वेगळे बी शोधायला नको. मंडईतली अरबी पावसाच्या तोंडावर मोठ्या कुंडीत पुरली, की श्रावणात वडीला पाने मिळतात. खाजरी असतील तर चिंच सढळ हाताने घालावी. चाकवत इथे बथुआ म्हणून गव्हाच्या शेतात आपोआप उगवतो, आणि संस्थेने त्याचाही सुधारित वाण दिला आहे, पूसा बथुआ-1. ताकातला चाकवत करणाऱ्या घरांनी तो नक्की लावावा. पावसाळी कांद्यासाठी एन-53 हा नाशिकच्या स्थानिक कांद्यातून निवडलेला वाण उत्तरेतही रुळला आहे.

बी घेताना पाकिटाची चित्राची बाजू पाहू नये, मागची वाचावी. वाणाचे नाव, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्ती या चार गोष्टी तिथे असल्याच पाहिजेत. टोमॅटो, वांगी, मुळा यांची उगवण किमान 70 टक्के, भेंडीची 65, मिरची आणि गाजराची 60 असे सरकारी प्रमाण आहे. निळी चिठ्ठी असेल तर बी प्रमाणित आहे. गुलाबी किंवा लाल रंग चढवलेले बी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि उरलेले खाण्यात वापरू नये. जुने बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सातांहून कमी दाण्यांना मोड आले तर मुळा-टोमॅटोचे ते बी टाकून द्यावे. दिल्लीच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेले बी लवकर मरते. कोरड्या बरणीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावे. राष्ट्रीय बीज निगमचे मुख्यालय पूसा परिसरातच आहे, आणि पूसाच्या कृषी विज्ञान मेळ्यात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळी भाज्यांचे बी थेट मिळते. ती तारीख जरूर लक्षात ठेवावी.

दिवाळीच्या सुमारास दिल्लीत पेरणीचा सर्वांत सोपा पंधरवडा चालू असतो. पालकाचा ऑल ग्रीन, मेथीचा पूसा अर्ली बंचिंग, जपानी व्हाइट मुळा, कोथिंबीर आणि चाकवत एवढे तेव्हा पेरता येते. मटार लावायचा असेल तर नोव्हेंबरच्या मध्याआधी. हलव्याच्या लाल गाजराची, पूसा रुधिराची, वेळ मात्र तोवर जवळजवळ सरलेली असते. तेव्हा नांटीज घ्यावे आणि कुंडी फूटभर तरी खोल असावी. धूर दाटला की ऊन कमी पडते, म्हणून कुंड्या दक्षिणेच्या कठड्याकडे सरकवाव्यात. प्रत्येक कुंडीत एक काडी खोचून तिच्यावर वाणाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहावी, म्हणजे पुढच्या दिवाळीला बी निवडताना दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.