फळ्याचा डावा कोपरा

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग ‘आजची माहिती’. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला परिपाठ झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. माहिती फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायची, एका मुलाने मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी डस्टर फिरला की विषय संपला. मीही कित्येक वर्षं ती अशीच लिहीत आलो, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून उतरवून.

एकदा लिहिलं, ‘चीनची भिंत चंद्रावरून दिसते.’ सहावीतली एक मुलगी उठली. ‘‘सर, रुंद किती आहे ती?’’ मी म्हटलं, साधारण सहा मीटर धर. ‘‘आणि चंद्र किती लांब?’’ ३,८४,००० किलोमीटर. मग मलाच राहवेना. डोक्याचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड धरला, तर सहा मीटर म्हणजे त्याच्या ६०,००० पट. चंद्राचं अंतरही ६०,०००ने भागलं. उत्तर आलं ६.४ किलोमीटर. म्हणजे चंद्रावरून ती भिंत दिसायची, तर आमच्या पटांगणातून सहा किलोमीटरवरच्या एस.टी. स्टँडवर उभ्या माणसाचा एक केस दिसायला हवा. चंद्राचं सोडाच, २००३मध्ये पृथ्वीभोवती फिरून आलेला चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई याने आपल्याला भिंत दिसली नाही, असं सांगितलं होतं. कोपऱ्यातलं वाक्य मी त्या मुलीलाच पुसायला लावलं.

तेव्हापासून माहिती निवडताना दोनच गोष्टी बघतो. पोराला ती संध्याकाळपर्यंत स्वतः पडताळता आली पाहिजे, आणि ती एकाच तासात मावता कामा नये. सोमवारी कोपऱ्यात फक्त प्रश्न लिहायचा. उत्तर शोधायला दोन-तीन दिवस द्यायचे आणि बघून आलेल्यानेच ते लिहायचं.

उदाहरणार्थ, ‘खरे बारा कधी वाजतात?’ पटांगणात एक काठी सरळ रोवली. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाला फक्कीने खूण केली. सावली आखडत जाते आणि एका क्षणानंतर परत लांबायला लागते. सर्वांत आखूड सावली, ती आपल्या गावची खरी दुपार. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. फेब्रुवारीत हा प्रयोग केला तेव्हा घड्याळात पावणेएक वाजून गेले होते. पोरांना वाटलं, आपलंच काही चुकलं. चुकलं नव्हतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, आणि आम्ही ७४ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून साडेआठ अंशांची झाली ३४ मिनिटं. उरलेली तेरा-चौदा मिनिटं पृथ्वीच्या लंबगोल कक्षेची आणि कललेल्या आसाची. ती मी सातवीच्या खाली सांगत नाही. नागपूरची दुपार मुंबईच्या २५ मिनिटं आधी होते, हे मात्र चौथीचं पोरही नकाशावरून काढतं. मुंबईने तर १९५५पर्यंत आपली वेगळी वेळ चालवली होती.

सावली पायाखाली गडप होण्याचा शून्य सावलीचा दिवस दाखवायची मला फार हौस. पण आमच्याकडे तो एकदा येतो मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आभाळ भरलेलं. सूर्याने निदान शाळेचं वेळापत्रक तरी बघायला हवं होतं.

स्वयंपाकघर इतक्या अडचणी करत नाही. ‘माठातलं पाणी गार का होतं?’ हा प्रश्न घरी गेला की दुसऱ्या दिवशी आजीकडूनच निम्मं उत्तर येतं : माठ पाझरतो म्हणून. झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ती आतल्या पाण्यातून घेते. पाठोपाठ नकाशा उघडायचा. विदर्भात माठ जितका गार होतो तितका कोकणात का होत नाही? कोकणच्या हवेत आधीच बाष्प भरलेलं, तिथे माठाचं पाणी उडणार कसं? तव्यावरची भाकरी फुगते तीही वाफेनेच. पिठातल्या पाण्याची वाफ कोंडते आणि पापुद्रा उचलते. भोक पडलेली भाकरी फुगत नाही, हे पोरांना माझ्याआधीपासून ठाऊक असतं.

पोह्यांची बशी म्हणजे तर इतिहासाचा आख्खा धडा. कांदा, बटाटा, मिरची, शेंगदाणे, हळद, मोहरी, कढीपत्ता. यातले बाहेरून आलेले कोण? बटाटा, मिरची आणि शेंगदाणा हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतरच ते बाकीच्या जगात पसरले. बटाटा हे नाव आपल्याला पोर्तुगीजांनी दिलं, पाव आणि चावी हे शब्दही त्यांचेच. ज्ञानेश्वरी १२९०ची. त्या काळात जेवण तिखट करायला मिरी होती, सुंठ होती, पिंपळी होती, मिरची नव्हती. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती सुविचाराने कधी पसरत नाही.

मराठीच्या तासाला ‘एकोणीस’ फोडायला द्यावा. एक, ऊन, वीस : एकाने उणा वीस. एकोणतीस, एकोणचाळीस असं पुढे नीट चालतं, आणि नव्याण्णवाला गाडी रूळ सोडते. पंचवीसमध्ये आधी पाच ऐकू येतात, म्हणून लहान मुलं ५२ लिहून बसतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. मला दोन्ही वाचनं चालतात. ज्याला पंचवीस फोडता आला, त्याला वीस पाच कळतंच.

सर्वांत रंगतो तो वारांचा प्रश्न. शनिवारनंतर रविवारच का? जुन्या ज्योतिष्यांनी आकाशातल्या सात गोलांना, कुणाला एक फेरी पुरी करायला किती काळ लागतो, त्या क्रमाने मांडलं. सगळ्यांत संथ शनी, त्याला एका फेरीला सुमारे २९ वर्षं. मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि शेवटी महिन्याच्या आत फेरी मारणारा चंद्र. दिवसाचे २४ होरे, दर होऱ्याचा मालक या क्रमाने एकेक, आणि पहिल्या होऱ्याचा मालक तोच त्या वाराचा मालक. होरा हा शब्द ग्रीकांकडून आला. इंग्रजीतला ‘अवर’ त्याचाच भाऊबंद. आता २४ला सातने भागा. बाकी तीन. म्हणून दर दिवशी यादीत तीन घरं पुढे जायचं : शनीपासून गुरू, मंगळ, रवी. आला रविवार. रवीपासून शुक्र, बुध, चंद्र. सोमवार.

मी सात पोरांना गोल उभं करतो, प्रत्येकाच्या गळ्यात ग्रहाची पाटी, आणि एक पोर तीन-तीन मोजत फिरतं. सातव्या वेळी ते परत शनीपाशी येतं. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर इ.स. ४८४चा लेख आहे, त्यात तिथीबरोबर गुरुवारही कोरलेला आहे. आपल्याकडच्या वाराच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक.

यंदा पाचवीतल्या एकाने हात वर केला. ‘‘सर, नवग्रह तर नऊ ना? सातच का घेतले?’’ राहू-केतू आकाशात दिसत नाहीत, ते नुसते चंद्र-सूर्याच्या वाटांचे छेदनबिंदू, असं मी सांगितलं. पण त्याचं समाधान होईना. म्हटलं, बरं, राहूला उभं कर. आठवं पोर रिंगणात आलं आणि मोजणी सुरू झाली. २४ला आठने भागलं, बाकी शून्य. शनीपासून निघालेलं पोर चोवीस घरं फिरून शनीपाशीच येऊन थांबलं. पुन्हा मोजलं, पुन्हा शनी.

‘‘म्हणजे रोज शनिवार!’’ कुणीतरी ओरडलं. ‘‘रोज सकाळची शाळा!’’

प्रश्न विचारणारा जरा वेळ गप्प होता. मग त्याने शनीच्या पाटीवाल्याला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि रवीपासून मोजायला सुरुवात केली.