पाणी शिळे होते का?

सकाळी नळ आला की अनेक घरांत आदल्या दिवशीचे पाणी ओतून हंडे-कळश्या नव्याने भरल्या जातात. कारण एकच सांगितले जाते: पाणी शिळे झाले. पण झाकलेले स्वच्छ पाणी वरणासारखे रात्रीतून आंबत नाही. रोगजंतूंना वाढायला लागणारे अन्न त्यात फारसे नसते. पाणी बिघडते ते बाहेरून काही आत गेल्यावर, आणि बहुधा ते हातावाटे जाते. हंडा नुसता खळबळून भरला तर आतला बुळबुळीत थर तसाच राहतो. बोट फिरवले की तो जाणवतो. जंतू त्या थराच्या आडोशाला टिकतात आणि क्लोरीनही तिथे नीट पोचत नाही. म्हणजे ओतण्यापेक्षा घासणे महत्त्वाचे. टँकरच्या गावात तर ओतणे ही निव्वळ नासाडी.

नळाला चांगले पाणी येते, म्हणून माठातलेही चांगलेच, हा समज जास्त घातक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये, आणि क्लोरीन वापरलेल्या पाण्यात ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक असावे. ही शिल्लक म्हणजे पाण्याची राखण. उघड्या भांड्यात ती हळूहळू उडून जाते, आणि मग कुणीतरी फुलपात्र बोटांसकट बुडवते. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत कॉलऱ्याच्या रुग्णांच्या घरी झालेला एक प्रयोग 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना अरुंद गळ्याची सुरई दिली, काहींच्या पाण्यात क्लोरीन टाकले. दोन्हीकडे घरातल्या इतरांना होणारा संसर्ग स्पष्टपणे घटला. सुरईत औषध नव्हते. तिच्या गळ्यातून हात आत जात नव्हता, एवढेच. तोटीचे पिंप हेच काम करते. लांब दांड्याचे ओगराळेही चालते, मात्र ते ओट्यावर पडलेले नको, खिळ्याला टांगलेले हवे.

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की पाणी नितळ होते आणि शुद्ध झाल्यासारखे वाटते. गाळाबरोबर बरेच जंतू तळाशी बसतात हे खरे, पण ते मरत नाहीत आणि उरलेले नितळ पाण्यातही असतात. म्हणून आधी तुरटी, मग वरचे पाणी निवळून घेऊन त्यात मेडिक्लोर हे क्लोरीनचे औषध. क्रम उलटा केला तर औषध गाळावरच खर्ची पडते. थेंब किती टाकायचे ते बाटलीवर लिहिलेले असते. त्यानंतर अर्धा तास थांबावे लागते. ‘औषधाचा वास येतो’ म्हणून असे पाणी टाकून देणारे बरेच असतात, पण हलका वास ही राखण शाबूत असल्याची खूण आहे. गावात क्लोरीनच्या ओटी चाचणीत पाणी पिवळे होते का, हे पाहतात ते याच शिलकीसाठी.

फडक्याने गाळणेही अगदीच निरुपयोगी नाही. बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, कारण तिथे कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटलेले असतात. सुटे जंतू मात्र कापडातून सहज पार होतात.

पाणी वीस मिनिटे उकळण्याची गरज नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. क्लोरीनला दाद न देणारे परजीवीही त्यात मरतात. चूक पुढे होते: गार पाणी न घासलेल्या माठात ओतले जाते. उकळलेल्या पाण्यात राखण करणारे काहीच नसते. आरओच्या पाण्याचेही तसेच, कारण त्या यंत्रात क्लोरीन निघून जाते. फ्रिज जंतू मारत नाही, फक्त त्यांची वाढ मंद करतो. तोंड लावून प्यायलेली बाटली त्यात ठेवली तरी उष्टीच राहते.

तांब्याच्या भांड्याची ख्याती निराधार नाही. सुमारे सोळा तास पाणी ठेवल्यावर त्यातले अतिसाराचे अनेक जीवाणू मेल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण तासाभरात प्यायचे असेल तर तांब्याचा उपयोग नाही, आणि ताक किंवा लिंबाचे सरबत यांसारखे आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत.