धुके, व्हॅन आणि मोत्या

कुत्रा या प्राण्याशी आमचे सख्य कधीच नव्हते. पुण्यात गल्लीच्या टोकाला तो दिसला की मी रस्ता ओलांडतो. त्यामुळे "दादा, आठ दिवस व्हॅनमधून समुद्रकाठाने हिंडू. मोत्या नि चिंगीही असतील हं!" असे धाकट्या बहिणीने पोर्टलंडहून कळवले, तेव्हा माझा चेहरा पाहून सौ.ला हसू आवरेना.

ही गोष्ट २०२३ च्या ऑगस्टातली. अमेरिकेतले ऑरेगॉन राज्य थंड, म्हणून मी दोन स्वेटर नेले होते. आणि विल्यमेटच्या खोऱ्यात पारा पस्तिशीच्या वर! वाटेत कोर्व्हॅलिसला मंडळी भाजी घ्यायला गेली. दुकानात कुत्र्यांना मज्जाव. "दादा, तू बस इथेच. गार हवा चालू राहू दे," बहिणीने बजावले. मी बसलोही. पण समोर जुन्या पुस्तकांचे दुकान! पाचच मिनिटे, म्हणून इंजिन बंद केले, काचा बोटभर खाली ठेवल्या आणि गेलो.

पाचाची वीस कधी झाली, कळले नाही.

परतलो तेव्हा चिंगी काचेवर पंजे आपटीत होती. तेरा वर्षांचा मोत्या आडवा पडला होता; जीभ लोंबलेली, डोळे थिजलेले. मंडळी धावत आली. मेहुण्यांनी त्याच्या पोटावर, पंजांवर पाणी ओतले, नकाशाने वारा घातला. पशुवैद्याकडे दोन तास गेले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता घालवतो, आणि भोवतालची हवाच तापली की धापांचाही उपयोग उरत नाही. बाहेर साधे २४ अंश असले, तरी उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा चाळिशी ओलांडतो. बोटभर उघड्या काचेने काही साधत नाही. मेहुण्यांनी हे सारे मला अगदी शांतपणे सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते. बहीण तर बोललीच नाही.

आणि मी चाळीत बसलो होतो ते पुस्तक कोणते म्हणता? जॉन स्टाइनबेकचे १९६२ साली निघालेले 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'. कुत्र्याला बरोबर घेऊन गाडीतून केलेल्या प्रवासाचे!

"याला गारव्यात न्या," असे वैद्यांनी सांगितले होते. डोंगररांग ओलांडून न्यूपोर्टकडे उतरू लागलो, तो समोर रस्ताच नाही! नुसते पांढरे धुके. पारा १५ वर. उन्हाळ्यात इथले उत्तरेकडचे वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी आत समुद्राकडे लोटतात, खालचे गार पाणी वर येते, आणि त्यावरून वाहणारी दमट हवा गारठून धुके होते. ऐन ऑगस्टात पाण्यात पाऊल घालावे तर मेंदूपर्यंत कळ जाते. व्हॅनमधून कुत्री घेऊन हिंडणारे लोक उन्हाळ्यात इकडे का वळतात, ते मला आता कोणी समजावून सांगायला नको होते.

दोन दिवस दक्षिणेकडे सरकत राहिलो. १८९४ पासून जळणारा हेसेटा हेडचा दिवा धुक्यात नुसता पिवळट डाग दिसत होता. १९६७ च्या कायद्याने इथली वाळू साऱ्यांना मोकळी आहे. पण प्लोव्हर नावाचा इवलासा पक्षी वाळूतच अंडी घालतो, म्हणून काही ठिकाणी १५ सप्टेंबरपर्यंत कुत्र्यांना बंदी. त्या पाट्या वाचण्याचे काम मी आपणहून पत्करले. मोत्याची साखळीही माझ्याच हाती. तो चार पावले चाले, थांबे, ओल्या हवेत नाक वर करून उभा राही. मीही उभा राही.

तिसऱ्या सकाळी सौ.ने व्हॅनमधल्या शेगडीवर पोळ्या केल्या. माझ्या ताटातली पहिलीच पोळी मोत्याने पळवली. नामदेवमहाराजांची गोष्ट लहानपणापासून सांगत आलो होतो. तुपाची वाटी उचलून धुक्यात त्याच्यामागे निघालो.

"अरे दादा, तूप नको देऊस त्याला! पोट बिघडेल!" मागून बहीण ओरडली.

कोर्व्हॅलिस सोडल्यापासून ती माझ्याशी आपणहून बोलली, ती ही पहिल्यांदा.