भूगर्भांतील समाईक कोठार

विहीर आपली, म्हणून तिच्यांतील पाणीहि आपलेंच, ही समजूत सुशिक्षित घरांतहि फार दृढ आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें जमिनीखालचें पाणी घेण्याचा मालकाचा हक्क मान्यहि केलेला आहे. परंतु पाण्याला सातबाराचा उतारा वाचतां येत नाहीं!

महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या अग्निजन्य पाषाणानें व्यापलेला आहे. मुरुमाच्या थरांत व खडकाच्या भेगांत मुरेल तेवढेंच पाणी येथें सांठतें, आणि त्या भेगा बांधावर थांबत नाहींत. एकानें २०० फूट कूपनलिका खोदली, कीं शेजाऱ्याची ४० फुटांची विहीर आटूं लागते. मग तोहि यंत्र आणतो. सांठा मात्र तेवढाच. एकत्र कुटुंबांत ज्याचा हात लांब, त्यानें कोठार उपसावें, असा हा न्याय झाला.

पाणी शोधण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गलाध्यायांत वृक्ष, वारुळें व माती यांवरून पाणी किती खोल लागेल, हें सांगितलें आहे. तें मोजून खर्चण्याची विद्या मात्र (शास्त्रीमंडळींनीं रागावूं नये) अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या पर्जन्यछायेंतील खेड्याकडून शिकावी. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं ग्रामस्थांनीं डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. एवढें इतरत्रहि झालें आहे. विशेष तो पुढेंच. पाणी वाढल्यावरहि शेतीसाठीं कूपनलिका नाहीं. ऊंस नाहीं, केळी नाहीं. दरवर्षीं पाऊस मोजून ग्रामसभा जमाखर्च मांडते. प्रथम माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी, मग शेती. पाऊस तोकडा पडला, तर पिकांना कात्री. ज्याची विहीर तुडुंब आहे, त्यालाहि हा निर्णय बांधतो. खरी कसोटी हीच!

सरकारचा भूजल अधिनियम २००९ चा. तो २०१४ मध्यें अंमलांत आला. परंतु प्रत्येक बांधावर शिपाई कोठून उभा करावयाचा? हिवरे बाजारांत शेजारीच शेजाऱ्याकडे पाहतो.

शहरांत जुन्या वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या, आणि त्यांच्या अंगणांतहि कूपनलिका आल्या. आपल्या इमारतीच्या सभेंत नव्या नलिकेचा ठराव येईल, तेव्हां शेजारची नलिका किती खोल आहे आणि आपल्या गच्चीवरचें पावसाळी पाणी गटारांत जातें कीं जमिनींत, एवढें तरी आधीं विचारावें.