एका पत्त्यामागचं गाव

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. संपादकांना लेख हवा होता तो त्या रस्त्यावर. मला कुतूहल होतं गावातल्या दुसऱ्याच रहदारीचं. दहावीच्या निकालाच्या दिवशी अशा गावांत एकेका सेवा केंद्राच्या वायफायवर पंधरा-वीस फोन तेच संकेतस्थळ उघडतात आणि काहींच्या पडद्यावर येतं, ‘फार विनंत्या, थोड्या वेळाने या.’ पोरांनी तर एकेकदाच बटण दाबलेलं असतं. मग फार विनंत्या कुणाच्या? हा हिशेब बहुतेकदा लोड बॅलन्सर ठेवतो.

मोठ्या संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर असतात. आलेली विनंती कुणाकडे धाडायची ते लोड बॅलन्सर ठरवतो. त्यांतला एक नावाजलेला आणि सर्वांना खुला म्हणजे एचएप्रॉक्सी. विली तारो या फ्रेंच प्रोग्रामरचं हे काम, पहिली आवृत्ती २००१ची. लिनक्स कर्नलच्या जुन्या आवृत्त्याही या गृहस्थांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या.

त्यातलं स्टिक टेबल मला सर्वांत आवडलं. मेमरीतला हा तक्ता. नोंद कशाच्या नावे, किती नोंदी मावतील, किती वेळाने पुसायच्या आणि कोणते काउंटर ठेवायचे, हे एका ओळीत लिहायचं. पुढची ओळ सांगते की आलेल्या विनंतीचा मागोवा कोणत्या नोंदीत घ्यायचा. मुळात असे तीन मागोवे एकाच वेळी ठेवता येतात. तिसरी ओळ निकाल देते: दहा सेकंदांत शंभरापेक्षा जास्त आल्या, तर ४२९ क्रमांकाचा नकार.

दराची मोजणी खरी पाहण्यासारखी. गेल्या दहा सेकंदांतल्या विनंत्या मोजायच्या तर प्रत्येकीची वेळ टिपावी लागेल, असं कुणालाही वाटेल. तारोंनी टिपलेली नाही. चालू दहा सेकंदांचा आकडा, आधीच्या दहांचा आकडा आणि चालू खंड कधी सुरू झाला ती वेळ, बस्स. चार सेकंद उलटले असतील तर जुन्या आकड्याचे सहा दशांश घ्यायचे आणि नवा त्यात मिळवायचा. आधीच्या ५०, आताच्या १२, म्हणून दर ४२. उत्तर अदमासाचं, पण विनंत्या दोन येवोत की दोन लाख, जागा तेवढीच लागते. ही काटकसर पाहून मी खूश झालो.

चालू कनेक्शनांचा काउंटर वेगळ्या स्वभावाचा. कनेक्शन जुळलं की एकाने वाढतो, तुटलं की एकाने उतरतो. आणि ते चालू आहे तोवर मुदत उलटली तरी नोंद पुसली जात नाही.

आता अडचणी. नोंद सहसा आयपी पत्त्याच्या नावे होते, आणि पत्ता म्हणजे माणूस नव्हे. ४२९चा नकार प्रमाणित झाला एप्रिल २०१२मध्ये. त्याच महिन्यात दूरसंचार कंपन्यांसाठी सुमारे ४२ लाख पत्त्यांचा गट राखला गेला, ग्राहकांना आतल्या आत वाटण्यासाठी. बाहेर मात्र मोजकेच सार्वजनिक पत्ते दिसतात. टोलनाक्यावर बस मोजली जाते, आतले प्रवासी नाहीत, तसंच हे. काउंटरला दुसरबीडचं अख्खं सेवा केंद्र एकच उतावीळ माणूस वाटतं.

संकेतस्थळापुढे आणखी एखादा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असला की सगळ्या विनंत्या त्याच्याच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. मूळ पत्ता विनंतीसोबतच्या हेडरमधून घ्यावा, तर हेडर कुणीही खोटा लिहू शकतो. तो फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आला असेल तरच मानायचा. आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, आयपीव्ही६मध्ये, उलटंच. एका घराच्या वाट्याला इतके पत्ते येतात की खोडसाळ माणूस दर विनंतीला नवा वापरेल. म्हणून पहिल्या ६४ बिटांवर मोजावं लागतं. लोड बॅलन्सर दोन असले तर ते एकमेकांना नोंदी पाठवू शकतात, पण खुल्या आवृत्तीत त्या आकड्यांची बेरीज होत नाही, आलेला आकडा जुन्याच्या जागी बसतो. दोघांकडे निम्मी-निम्मी रहदारी असेल, तर खरी बेरीज कुणालाच ठाऊक नसते.

मर्यादा लिहिणाऱ्यांना एकच विनंती. आधी काही दिवस नुसतं मोजा, कुणालाही नाकारू नका. लॉगिन असेल तिथे पत्त्याऐवजी खात्यावर मोजा. आणि निकालाच्या दिवसासाठी पत्त्यावरची मर्यादा वेगळी, सैल ठेवा.