पंप कोरडा पडता कामा नये

पाठीच्या कण्याला मार बसलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घरात बॅक्लोफेनच्या गोळ्यांची पट्टी बहुधा सापडते. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की पाय गेले. आणि तेच पाय रात्री अंथरुणात ताठ होतात, झटके देतात, गुडघे पोटाशी ओढले जातात. ताकद परत येतेय, असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. मेंदूकडून येणारा लगाम मज्जारज्जूत तुटलेला असतो. जखमेच्या खालचा रज्जू मात्र जागा असतो आणि चादर घासली तरी स्नायूंना आखडायला लावतो. उरणसारख्या गावात अशा दुखापतीची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून रस्त्यावर कंटेनर ट्रेलरांची रांग आहे आणि नारळावर चढणारे हातही अजून आहेत.

गॅबा हे मज्जारज्जूतल्या चेतापेशींना शांत ठेवणारं शरीराचं स्वतःचं रसायन. त्याच्याशी मिळतंजुळतं बॅक्लोफेन 1962 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी तयार केलं, ते अपस्मारासाठी. तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण ताठर स्नायू सैल पडताना दिसले. अडचण एवढीच, की गोळीतलं औषध रक्तातून मज्जारज्जूपर्यंत फार थोडं पोचतं. डोस वाढवावा तर पाय सैल होण्याआधी डोकंच जड होतं. 1984 मध्ये शिकागोच्या रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रोइन यांनी हे औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडून पाहिलं आणि ताठरता उतरली. अमेरिकेत या वापराला 1992 मध्ये मान्यता मिळाली.

आकडे पाहिले की या पद्धतीचं मर्म कळतं. गोळ्यांचा डोस दिवसाला 80 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. पाठीतून द्यायची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. दिवसाला काहीशे, म्हणजे मिलिग्रॅमच्या एखाद्या अंशाएवढी. शिवाय कमरेजवळ सोडलेलं औषध मेंदूच्या बाजूला पोचेपर्यंत बरंच पातळ होतं, म्हणून पाय सैल होऊनही माणूस टक्क जागा राहतो. पण जिथे हजाराव्या भागाचा हिशेब आहे, तिथे चुकीलाही फार जागा लागत नाही.

सुरुवात चाचणीने होते. कमरेतून सुई घालून साधारण 50 मायक्रोग्रॅम देतात आणि तासन्‌तास पेशंटवर नजर ठेवतात, कारण क्वचित श्वास मंदावतो. हे काम श्वास सांभाळायची सोय असलेल्या रुग्णालयातच करायचं. गुण आला तरच पोटाच्या कातडीखाली पंप बसतो आणि त्यातून एक बारीक नळी मज्जारज्जूच्या द्रवात जाते. खर्च काही लाखांत, त्यामुळे आपल्याकडे पंपवाले पेशंट थोडे आणि गोळीवाले पुष्कळ. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी आधी विचारायला हवी: हा माणूस त्या ताठरतेचा काही उपयोग करतो का? काहीजण आखडलेल्या पायांच्या आधारानेच पलंगावरून खुर्चीत सरकतात. पाय पूर्ण सैल केले तर त्यांचं होतं ते उभं राहणंही जातं.

पंपात औषध भरतात ते कातडीतून सुई घालून. सुई पंपाच्या तोंडात न जाता बाजूला गेली, तर महिन्यांचा साठा एकदम शरीरात उतरतो. दुसरी चूक कागदावरची. औषध मिलिलिटरला 500 आणि 2000 मायक्रोग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतांत मिळतं. पंपात एक भरलं आणि यंत्राला दुसरं सांगितलं, तर डोस चौपट होतो किंवा पावपट. मात्रा जास्त झाली की गुंगी येते, अंग लोळागोळा होतं, श्वास मंदावतो. यावर खास उतारा नाही. पंप थांबवून श्वास सांभाळणं हाच मुख्य उपचार.

तरी माझ्या मते लोकांना सांगायला हवी ती भीती याच्या उलट आहे. जास्त पडण्यापेक्षा बंद पडण्याची. पंप कोरडा झाला, नळी सरकली, बॅटरी संपली, की ज्या स्नायूंना सैल राहायची सवय लागली होती ते दुप्पट जोराने आखडतात. आधी अंगाला नुसतीच खाज सुटते, पुरळ दिसत नाही. मग ताप, बडबड, प्रचंड ताठरता. स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडं बसतात, जीवही जातो. हे काही तासांत ते काही दिवसांत घडतं आणि बाहेरून साध्या तापासारखं दिसतं. अशा वेळी गोळ्या सहसा पुरत नाहीत. औषध पुन्हा पाठीतूनच सुरू करावं लागतं, तोवर शिरेतून इतर औषधं द्यावी लागतात.

म्हणून उरणच्या पेशंटला पंप भरायच्या तारखेइतकाच मुंबईचा रस्ताही पाठ हवा. 20 मिलिलिटरच्या पंपात 2000 तीव्रतेचं औषध असेल आणि रोज 400 मायक्रोग्रॅम लागत असतील, तर हिशेबाने ते 100 दिवस पुरतं. डॉक्टर तारीख त्याच्या बरीच आधीची देतात, आणि ते ‘आधी’ आपल्यासाठी फार मोलाचं आहे. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच मोठ्या ओहोटीला गाळामुळे अडते, पावसाळ्यात समुद्रापुढे नमते. जानेवारी 2024 पासून 21.8 किलोमीटरचा अटल सेतू आहे, पण त्यावर मोटारसायकल किंवा रिक्षा चालत नाही. गाडीची सोय आदल्या दिवशीच करावी. रात्री 108 ला फोन केला तर रुग्णवाहिका साधारणपणे जवळच्या रुग्णालयात नेते, आणि तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरने असा पंप कधी पाहिलेलाही नसेल. पंपाचं कार्ड पाकिटात हवं: औषधाचं नाव, तीव्रता, रोजची मात्रा, पुढच्या भरण्याची तारीख, पंप बसवणाऱ्या डॉक्टरचा नंबर. एमआरआय काढायचा असेल तर आधी सांगायचं, कारण चुंबकाने पंप काही वेळ थांबू शकतो. नंतर तो पुन्हा चालू झाला की नाही, हे तपासून घ्यायचं.

झटके अचानक वाढले म्हणजे पंपच बिघडला असंही नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीला झालेला बेडसोर, मांसात रुतलेलं नख, यांपैकी काहीही स्नायूंना चाळवतं. वेदना कळत नसल्यामुळे शरीर तक्रार करतं ती अशी. डोस वाढवून मागण्याआधी पेशंटला कुशीवर वळवून पाठ बघावी, लघवी तपासावी.

गोळीवाल्यांचीही यातून सुटका नाही. पट्टी संपली, दुकान बंद होतं, म्हणून आठवडाभर गोळी सोडली, असं करू नये. ती कमी करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, पायरीपायरीने. बॅक्लोफेन बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर साधा डोसही बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. कुठल्याही नव्या डॉक्टरला हे पहिल्यांदा सांगावं. आणि हळदीची रात्र असो की शिमगा, या गोळीवर दारू नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतात.