डबा आपला, किल्ली कोणाची? केबलकार्डची गोष्ट



चौथीच्या वर्गावर कार्यानुभवाच्या तासाला मी घरातला एक जुना सेट टॉप बॉक्स घेऊन गेले होते. आम्ही केबलवाला बदलला आणि तो डबा कपाटावर जाऊन बसला. पैसे मोजून घेतलेला, न बिघडलेला डबा! वायर जोडली की दिवा लागतो, पण नव्या केबलवर एकही चॅनेल दिसत नाही. मुलांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग एका मुलीने विचारलं, "बाई, डबा तुमचाच आहे ना? मग दुसऱ्याच्या केबलवर का नाही चालत?"

प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नावर अमेरिकेत कायदा झाला, एक कार्ड तयार झालं आणि वीसेक वर्षं वाद चालला. त्या कार्डाचं नाव केबलकार्ड. आज त्याचीच माहिती घेऊया.

डब्याच्या आत नेमकी किती कामं चालतात?

सेट टॉप बॉक्स तीन कामं करतो.

१) निवडणे : एकाच वायरमधून शेकडो चॅनेल एकदम येत असतात. त्यातलं आपल्याला हवं ते वेगळं काढायचं. हे काम करणाऱ्या भागाला ट्यूनर म्हणतात.

२) कुलूप उघडणे : कंपनी चॅनेल गुप्त रूपात पाठवते. पैसे भरलेल्या ग्राहकालाच ते उलगडता यावेत, म्हणून.

३) चित्र तयार करणे : आलेली माहिती दाबून लहान केलेली असते. ती पुन्हा फुलवून टीव्हीवर चित्र आणि आवाज दाखवायचा.

यातलं पहिलं आणि तिसरं काम कोणत्याही कंपनीचं यंत्र करू शकतं. अडतं ते दुसऱ्या कामापाशी.

दुसरं काम समजायला आपली 'च'ची भाषा आठवा. 'बाई' चं 'चईबा' होतं, 'मला' चं 'चलाम' होतं. ज्याला युक्ती माहीत, त्याला सगळं कळतं. पण इथे एक फरक आहे. 'च'च्या भाषेची युक्ती एकदा फुटली की गुपित संपलं. केबलमध्ये फक्त युक्ती कळून भागत नाही, तिच्याबरोबर एक आकडा लागतो. तो आकडा म्हणजे किल्ली. ही किल्ली सतत बदलत राहते आणि ज्याचे पैसे भरलेले आहेत, त्याच्याच यंत्राला ती वापरता येते. माझ्या जुन्या डब्याकडे जुन्या केबलवाल्याची व्यवस्था होती. नव्याची किल्ली त्याला कळतच नाही. म्हणून दिवा लागतो, पण चित्र येत नाही.

अमेरिकेतल्या घरांची अडचण

अमेरिकेत बहुतेक ग्राहक डबा विकत घेत नसत, कंपनीकडून भाड्याने घेत. दर टीव्हीला एक डबा, दर डब्याला दर महिन्याला भाडं. २०१५ मध्ये तिथल्या दोन सिनेटरांनी कंपन्यांकडून माहिती मागवली. तेव्हा दिसलं, की एक घर डब्यांच्या भाड्यापोटी वर्षाला सरासरी २३१ डॉलर देतं. डब्याची किंमत कधीच वसूल झालेली असली, तरी भाडं सुरूच! आपल्याकडे 'म्हशीपेक्षा रेडकू मोठं' म्हणतात, तसाच हा प्रकार.

कायदा काय म्हणाला?

आधी थोडं मागे जाऊया. एके काळी अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला कंपनीने दिलेलं सोडून दुसरं यंत्र जोडायची परवानगी नव्हती. टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी वायरलेस आणि टेलिफोन यांची गाठ घालून देणारं 'कार्टरफोन' नावाचं यंत्र बनवलं. कंपनीने विरोध केला. १९६८ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने निर्णय दिला, की जाळ्याला अपाय होत नसेल तर अशी सरसकट बंदी योग्य नाही. त्यानंतर उत्तर देणारी यंत्रं, फॅक्स, मोडेम असं काय काय लोक बाजारातून आणून जोडू लागले.

हाच विचार केबलला लावला गेला. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात ६२९ वं कलम आलं. केबलचं यंत्र ग्राहकाला दुसऱ्या उत्पादकाकडूनही घेता यावं, असा त्याचा अर्थ. पण चोरी तर होऊ द्यायची नाही! मग उपाय निघाला : कुलूप उघडण्याचं काम डब्यातून वेगळं काढा आणि एका कार्डात घाला. कार्ड कंपनीचं, बाकी यंत्र ग्राहकाचं.

केबलकार्ड आणि ट्यूनर कसे चालतात?

केबलकार्डची लांबी-रुंदी आपल्या एटीएम कार्डाएवढी, पण ते जास्त जाड. जुन्या लॅपटॉपच्या कडेला खाचेत घालायची कार्डं असत, त्याच घडणीचं. ग्राहकाने ट्यूनर असलेलं यंत्र विकत आणायचं, कंपनीकडून कार्ड घ्यायचं आणि यंत्राच्या खाचेत सरकवायचं. मग कंपनीला फोन करून कार्डाचा आणि यंत्राचा क्रमांक सांगायचा. कंपनी आपल्या नोंदीत दोघांची जोडी लावून देते. त्यानंतर ते कार्ड त्याच यंत्रात काम करतं. उचलून शेजाऱ्याच्या यंत्रात घातलं, तर उपयोग नाही.

पहिली कार्डं एका वेळी एकच चॅनेल उलगडत. नंतरची कार्डं एकाच वेळी अनेक चॅनेल उलगडू लागली. टिवो नावाचं रेकॉर्डिंग यंत्र असं कार्ड घेत असे. एचडीहोमरन प्राइम या छोट्या डबीत तीन ट्यूनर आणि एकच कार्ड असे. ती घरातल्या नेटवर्कला जोडली, की तीन ठिकाणी तीन वेगळे चॅनेल पाहता येत.

चला, गणित सोडवूया!

पुढचे आकडे फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत. फळ्यावर जरूर मांडा.

एका घरात ३ टीव्ही आहेत. एका डब्याचं भाडं महिना ८ डॉलर. म्हणजे महिन्याला २४ आणि वर्षाला २८८ डॉलर.

आता दुसरा मार्ग. तीन ट्यूनरची डबी १५० डॉलर. प्रत्येक टीव्हीजवळ चित्र दाखवायला एक लहान यंत्र लागेल. त्याचे ५० डॉलर धरले, तर तिघांचे १५०. कार्डाचं भाडं महिना २ डॉलर, वर्षाला २४. पहिल्या वर्षी एकूण ३२४ डॉलर.

पहिल्या वर्षी तोटाच झाला की! पण थांबा. दुसऱ्या वर्षी फक्त २४ डॉलर. दोन वर्षांचे झाले ३४८ डॉलर आणि भाड्याच्या डब्यांचे ५७६. दर महिन्याला २२ डॉलर वाचतात, म्हणून सुरुवातीचे ३०० डॉलर चौदाव्या महिन्यात भरून निघतात. एकरकमी खर्च आणि रोजचा खर्च यांची तुलना शिकवायला हे उदाहरण फार छान आहे.

मग सगळ्यांनी कार्ड का नाही घेतलं?

इथे खरी गंमत आहे. कागदावर नफा दिसत असूनही हा मार्ग फार थोड्यांनी धरला. त्याची कारणं पाहा.

कार्ड लावलेलं यंत्र फक्त ऐकत असे, बोलत नसे. कंपनीच्या यादीतून हवा तो सिनेमा मागवायची सोय त्यावर मिळत नसे. काही कंपन्या कमी पाहिले जाणारे चॅनेल कोणी मागितले तरच वायरीत सोडत. यंत्राला मागताच येत नाही, मग ट्यूनिंग ॲडॉप्टर नावाची आणखी एक डबी जोडावी लागे.

काही चॅनेलवर 'एकदाच नक्कल करा' अशी खूण असे. असे चॅनेल संगणकावर पाहायचे तर विंडोज मीडिया सेंटरचा आधार लागे. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, त्यात मायक्रोसॉफ्टने ते दिलंच नाही. यंत्र आपलं, पण आधार परक्याचा!

आणि कंपन्यांना भाडं सोडायची घाई नव्हती. म्हणून १ जुलै २००७ पासून आयोगाने नियम लावला : कंपन्यांनी भाड्याच्या नव्या डब्यांतही हेच कार्ड घालायचं. स्वतःलाही तेच वापरावं लागलं, तर नीट चालवतील, हा हेतू. झालं काय? कंपन्यांच्या स्वतःच्या डब्यांत पाच कोटींहून अधिक कार्डं गेली. ग्राहकांनी बाजारातून घेतलेल्या यंत्रांत मात्र सहा लाखांच्या आसपासच.

पुढे २०१४ च्या कायद्याने तो नियम रद्द ठरवला आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो संपला. २०१६ मध्ये आयोगाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी डब्यांची सक्ती काढायचा नवा प्रस्ताव आणला, पण त्यावर अंतिम मतदान झालंच नाही. २०२० मध्ये कार्डाला आधार देण्याची सक्तीही आयोगाने काढून टाकली. तोवर लोक इंटरनेटवरून कार्यक्रम पाहू लागले होते.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे केबलचं डिजिटल रूप टप्प्याटप्प्याने आलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती, शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७. घराघरात डबे आले आणि केबलवाला बदलला की डबाही बदलायची वेळ आली. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने सरकारला शिफारस केली, की एकच डबा वेगवेगळ्या सेवांवर चालला पाहिजे. मोबाईलचं सिम बदलतो, फोन तोच राहतो, तसंच काहीसं. पण सिमइतकी सोपी सोय अजून आपल्या घरात आलेली नाही.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "डबा माझा आहे, पण किल्ली माझी नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग अर्धाच तुमचा, बाई."

अमेरिकेतला कायदा हा उरलेला अर्धा भाग ग्राहकाला मिळवून द्यायला निघाला होता. कार्ड चांगलं होतं. पण ज्याच्या हातात किल्ली, त्याचीच मर्जी चालली. म्हणून कुठलंही यंत्र घेताना दुकानदाराला किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : सेवा बदलली, तर हे चालेल का?

विचार करा व सांगा

१) घरातली अशी कोणती वस्तू आहे, जी दुसऱ्या कंपनीच्या सेवेवरही चालते? अशी कोणती आहे, जी चालत नाही?

२) वरच्या उदाहरणात टीव्ही एकच असता, तर सुरुवातीचा खर्च कितव्या महिन्यात भरून निघाला असता? (डबी १५०, लहान यंत्र ५०, कार्ड महिना २ डॉलर धरा.)

३) चोरी होऊ नये आणि ग्राहकही अडकू नये, यासाठी तुम्ही कोणता उपाय सुचवाल?

वर्गात घेऊन पाहा. मुलं आपल्यापेक्षा भारी उत्तरं देतात, हा माझा अनुभव आहे.